चतकोर फूल

सन १९६८. जुलैचा दुसरा आठवडा. सोलापुरात पूर्व भागातल्या आमच्या शाळेत सातवी ‘ब’ला मी अपूर्णांकांचा गुणाकार शिकवत होते आणि शेवटून दुसऱ्या बाकावरची एक मुलगी मान खाली घालून भलतंच काहीतरी करत होती.

“भूदेवी मेरगू, उभी राहा. तीन चतुर्थांश गुणिले दोन तृतीयांश किती?”

ती उभी राहिली. “अर्धा, बाई.”

उत्तर बरोबर आलं म्हणून मला जास्तच राग आला. मी बाकापर्यंत गेले आणि तिच्या वहीखालचा कागद ओढून घेतला. बारीक चौकटींचा मोठा कागद होता. त्याच्या एका कोपऱ्यात पेन्सिलीनं चौकटी भरून काढलेलं फुलाचं टोक होतं, एक पाकळी पूर्ण आणि शेजारच्या दोन अर्ध्या. बाकी कागद कोरा.

“हे काय?”

“चादरीचं फूल, बाई. संध्याकाळपर्यंत पाहिजे बाबांना.”

“हे फूल? हे तर चतकोर आहे. आणि गणिताच्या तासाला?”

वर्ग हसला. मला वाटलं, तिला हसले. नंतर कळलं, मला हसले होते.

मधल्या सुट्टीत मी तो कागद शिक्षकांच्या खोलीत नेऊन टेबलावर टाकला. मी त्या वेळी पंचवीस वर्षांची होते. वाईहून नोकरीसाठी आलेली, दोन वर्षांच्या बोलीवर लागलेली. कायमचा हुकूम अजून हातात यायचा होता. शाळेच्या भोवती घराघरात माग होते, दिवसभर खटाखट चाले आणि खिडक्या लावून घेतल्या तरी ती वर्गात येई. पहिलं वर्ष माझं त्या आवाजाशी भांडण्यातच गेलं होतं.

दासरी सरांनी कागद उचलला. नरसय्या दासरी आमचे चित्रकलेचे शिक्षक. वय चौतीस-पस्तीस, बुटके, अंगात कायम खादीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, कानामागे पेन्सिल.

“रामय्या मेरगूच्या घरचा दिसतो,” ते म्हणाले. “पोरीचा हात चांगला आहे की.”

“हात चांगला असेल. फूल अपुरं आहे.”

“अपुरं नाही बाई. हे अख्खं फूल आहे.”

त्यांनी खुर्ची ओढली.

“हे बघा. चादरीवर फूल उजवीकडे असतं तसंच डावीकडे. वर तसंच खाली. मग चारदा कशाला काढायचं? पाव भाग काढायचा. डावी बाजू मागाच्या दोऱ्या उलट बांधलेल्या असतात त्यांनी आपोआप होते. खालची बाजू मागावरचे नक्षीच्या भोकांचे पुठ्ठे उलटे फिरवले की होते. हा कोपऱ्यातला बारका गोल दिसतो का? ती खूण. इथनं उलटा, असं सांगायची.”

“आणि कुणी पूर्ण फूल काढलं तर?”

“तर त्याला म्हणायचं, तुमच्या घरात माग नाही वाटतं.” ते मोठ्यानं हसले. “आमच्याकडं ही शिवी आहे बाई.”

इतक्यात मुख्याध्यापक हुद्देदार सर आत आले. ते तपकीर ओढत आणि बोलण्याआधी चिमूट संपेपर्यंत समोरच्याला थांबवत. त्या दिवशी त्यांच्या दुसऱ्या हातात खात्याचं पत्र होतं.

“दासरी, बसा. बसलेलेच आहात, बरं.” चिमूट संपली. “पुढच्या जूनपासून पाचवी ते सातवीचे चित्रकलेचे तास निम्मे करायचेत. निम्म्या तासांना पूर्ण वेळ शिक्षक मिळत नाही.”

त्यांनी पत्राची घडी घातली.

“एक फट ठेवलीय त्यांनी. चित्रकलेचा इतर विषयांना उपयोग होतो असं शाळेनं दाखवून दिलं, तर जागा राहील. जानेवारीत तपासणी आहे. राजाध्यक्ष साहेब येणार आहेत. काही सुचतंय का बघा.”

ते गेल्यावर दासरी सर बराच वेळ तो चौकटीचा कागद हातात धरून बसले.

“बाई,” ते म्हणाले, “आमच्या घरात मागाच्या खड्ड्यात पाय सोडून न बसलेला मी पहिला. बाप तिथंच बसून गेला, दोन्ही भाऊ तिथंच बसतात. मला परत खड्ड्यात जायचं नाही. तुमचं गणित आणि माझी चित्रकला, एकत्र शिकवू या का?”

मी विचार करते म्हटलं. खरं तर मला कागद भूदेवीला परत द्यायचा होता, एवढाच विचार डोक्यात होता. तिच्या बापाला तो संध्याकाळी हवा होता.

तर अशी सुरुवात झाली. हुद्देदार सरांनी त्याला ‘कलासमन्वित अभ्यासक्रम’ असं नाव दिलं आणि दासरी सरांकडूनच त्याची पाटी रंगवून घेतली. मुलं त्याला नक्षीचा तास म्हणत. आठवड्यातून चार तास आम्ही दोघं सातवी ‘ब’वर एकत्र जात असू. मी फळ्यावर गुणोत्तर लिहायची, सर कागदावर त्याची किनार काढायला लावायचे. तीनास पाच म्हणजे तीन चौकटी भरा, पाच सोडा. शेकडेवारी आली तेव्हा शंभर चौकटींचा तुकडा कापून प्रत्येकाच्या हातात दिला. चाळीस टक्के भरा, पण भरलेलं सुंदर दिसलं पाहिजे. भूगोलाच्या नाडकर्णी बाईंनी आम्हाला नावं ठेवली आणि महिन्याभरानं स्वतःच विचारलं, जिल्ह्याचा नकाशा चौकटींत बसेल का? मग भीमा आणि सीना दोन्ही नद्या चौकटी चौकटींनी वाहायला लागल्या.

वर्गात बेचाळीस मुलं होती. त्यांतली तिसाहून जास्त विणकरांच्या घरची, घरी तेलुगू बोलणारी. मराठीत लिहिलेलं उदाहरण वाचताना अडखळायची आणि कागदावर मात्र माझ्या पुढे पळायची. एकदा प्रभाकर मोहोळकर नावाच्या मुलानं, पोस्टमनचा मुलगा तो, फूल चारी बाजूंनी पूर्ण काढलं. मागच्या बाकावरून लगेच आवाज आला, “बघ बे, अख्खं काढतोय! ह्याच्या घरात माग नाही!” प्रभाकर रडकुंडीला आला. दासरी सरांनी त्याला शनिवारी आपल्या भावाच्या घरी नेऊन खड्ड्याच्या काठावर बसवलं. सोमवारी त्यानं पाव फूल काढलं, कोपऱ्यात गोल केला आणि कागद सगळ्या वर्गाला फिरवून दाखवला.

मला ते दिवस आवडत होते. हे मी आज म्हणते. त्या वेळी कधी कधी मन खट्टू व्हायचं. शेकडेवारीचं एक उदाहरण भूदेवीला सुटत नव्हतं. मी तिच्याजवळ गेले तर ती म्हणाली, “राहू द्या बाई, दासरी सरांना विचारते.” गणिताचं उदाहरण! मी जाऊन फळा पुसला.

दिवाळीच्या सुट्टीआधी मी सरांकडे विषय काढला.

“सर, ही मुलं सहामाहीच्या पेपरातसुद्धा पावच आकृती काढतायत. परीक्षकाला काय कळणार? पूर्ण काढायची सवय लागली पाहिजे.”

“सांगा की तुम्ही. काढतील.” त्यांनी कानामागची पेन्सिल काढली. “पण बाई, एक बघा. बाहेरचं पोरगं चारी पाकळ्या काढतं आणि मग मोजतं. आपलं पोरगं एक काढतं आणि बाकीच्या तीन त्याला न काढता दिसतात. हेच शिकवायला तुम्ही समितीचा... काय तो शब्द?”

“सममितीचा.”

“सममितीचा धडा शिकवता ना? त्यांना तो धड्याआधीच येतो.”

“मान्य. पण साहेबांच्या आधी एकदा बजावून ठेवायला हवं.”

“बजावा. ते तुमच्याकडं. माझं ऐकून ती हसतील. सर, तुम्हीच आता अख्खं काढायला सांगता, म्हणतील.”

ते माझ्याकडे आलं. आणि राहून गेलं. दिवाळी झाली, सहामाहीचा निकाल लागला, डिसेंबरात गॅदरिंग झालं. उद्या सांगू, परवा सांगू, असं होत होत जानेवारीचा तो गुरुवार उजाडला.

राजाध्यक्ष साहेब वाईट माणूस नव्हते. उंच, शांत, कोणाला एकेरी न बोलणारे. सकाळी त्यांनी शाळा फिरून पाहिली, मुलांच्या हातचा नकाशा पाहून “वा” म्हणाले. हुद्देदार सरांनी आनंदानं तपकिरीची डबी दोनदा काढून दोनदा न उघडता आत ठेवली. मग साहेब सातवी ‘ब’च्या दाराशी थांबले.

“चित्रकलेचे शिक्षक बाहेर थांबतील. प्रयोग ज्यांचा असतो ते वर्गात असले की मुलं पुस्तकाऐवजी त्यांच्या तोंडाकडे बघतात. गणिताच्या बाई आत राहू द्या.”

दासरी सर व्हरांड्यात थांबले. जाता जाता त्यांनी वर्गाकडे बघून दोन्ही भुवया उडवल्या. मुलं खुदकन हसली.

साहेबांनी प्रत्येकाला एकेक चौकटीचा कागद दिला. आडव्या चाळीस चौकटी, उभ्या चाळीस. फळ्यावर स्वतःच्या हातानं प्रश्न लिहिला: दोन्ही अक्षांभोवती सममित अशी आकृती काढा. तिने कागदाचा कितवा भाग व्यापला ते अपूर्णांकात लिहा. वेळ पंधरा मिनिटं.

मी मागच्या भिंतीशी उभी होते. पहिली दोन मिनिटं गेली आणि मला दिसायला लागलं. पहिल्या बाकावरच्या मुलीनं कागदाच्या मधून उभी रेघ मारली, आडवी रेघ मारली, आणि डाव्या वरच्या पाव भागावर वाकली. तिच्या शेजारणीनं तेच केलं. मग सगळ्या वर्गानं तेच केलं. इतकी शांत, इतकी गुंतलेली मुलं मी पुढं तीस वर्षांत क्वचित पाहिली. साहेब आलेत, म्हणून घरातलं सगळ्यात चांगलं काढून ठेवत होती. प्रभाकरनंही. त्याचा बारका गोल तर सगळ्यांत ठसठशीत होता.

मी बोलू शकत होते. “मुलांनो, पूर्ण काढा” एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण परीक्षा चालू असताना बाईंनी बोलायचं नाही हा नियम होता आणि मी नियमाच्या आड उभी राहिले.

साहेबांनी कागद गोळा केले. पहिला पाहिला, दुसरा पाहिला, मग भराभर सगळे चाळले. त्यांचा चेहरा पडला. खरोखर पडला, त्यांना आनंद झाला नाही हे मला सांगायलाच हवं.

“भूदेवी मेरगू कोण?”

ती उभी राहिली.

“ही आकृती पूर्ण आहे का?”

“हो साहेब.”

साहेबांनी पेन्सिलीच्या टोकानं चौकटी मोजल्या. सावकाश मोजल्या. “एकशे चाळीस. कागदावर चौकटी सोळाशे. म्हणजे ऐंशीत सात. तुम्ही लिहिलंय विसात सात. हे कसं?”

भूदेवीला उत्तर येत होतं. एकशे चाळीस चोक पाचशे साठ, सोळाशेत पाचशे साठ म्हणजे विसात सात. न काढलेल्या तीन पाकळ्याही तिनं मोजल्या होत्या. पण ते साहेबांना मराठीत कसं सांगायचं ते तिला जुळेना. तिनं माझ्याकडे पाहिलं.

“बाई, सांगा की,” ती म्हणाली.

साहेब वळले. “काय आहे बाई? सबंध वर्गाचं एकच झालेलं दिसतंय. यांना आकृती पुरी करायला शिकवलेलंच नाही का?”

मला सगळं माहीत होतं. सांगायला दोन वाक्यं लागली असती. तिसऱ्या वाक्यात मला हेही म्हणावं लागलं असतं की, बजावायचं काम माझ्याकडे होतं आणि ते माझ्याकडून राहिलं. साहेबांच्या बगलेतल्या फायलीत माझ्या कायमच्या हुकुमाचा कागदही होता. सकाळी हुद्देदार सरांनीच मला तसं सांगितलं होतं.

“मी पूर्ण आकृतीच शिकवते, साहेब,” मी म्हणाले.

हे खोटं नव्हतं. माझ्या वहीत, माझ्या फळ्यावर आकृत्या पूर्णच होत्या.

“मग हे?”

“हे नक्षीच्या तासाचं आहे.”

“बाई!” भूदेवी म्हणाली.

“बसा तुम्ही,” साहेब तिला म्हणाले. आवाज चढवला नाही. ती बसली. त्यानंतर तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

दार उघडलं तेव्हा दासरी सर व्हरांड्यात होते तिथंच उभे होते. साहेबांनी त्यांना नमस्कार केला आणि पुढं गेले. हुद्देदार सर मागं धावले.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, प्रार्थनेच्या आधी दासरी सर शिक्षकांच्या खोलीत एकटेच बसले होते. माझी वाट बघत होते हे मला दारातच कळलं.

“या बाई. बसा.” ते नेहमीसारखेच बोलत होते. “पोरांनी पावच काढलं म्हणे.”

“हो.”

“साहेबांना कळलं नसणार.”

“नाही.”

त्यांनी टेबलावरच्या शाईच्या डागावरून बोट फिरवलं. “तुम्ही सांगितलं असेल ना?”

बाहेर मुलांच्या रांगा लागत होत्या. नाडकर्णी बाई कुणाला तरी ओरडत होत्या.

“सांगून पाहिलं,” मी म्हणाले. “त्यांनी ऐकून घेतलं नाही.”

दासरी सरांचं बोट डागावर थांबलं. मग मान हलवून म्हणाले, “हां. साहेब लोक घाईत असतात. त्यांचं तरी काय चुकलं.” आणि उठले. “चला, प्रार्थना सुरू व्हायची.”

फेब्रुवारीत शेरा आला. प्रयोग स्तुत्य हेतूचा, परंतु परिणाम अपुरा. चित्रकलेच्या ओढीमुळे विद्यार्थ्यांना अर्धवट काम करण्याची सवय लागली असल्याचे दिसते. गणिताच्या शिक्षिकेची विषयाची तयारी समाधानकारक. त्याच लिफाफ्यात माझा कायमचा हुकूम होता. हुद्देदार सरांनी तो मला देताना चिमूट ओढली नाही.

“दासरींना मी सांगतो,” ते म्हणाले. “तुम्ही नका सांगू.”

एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी दासरी सरांचा निरोप समारंभ झाला. सहशिक्षिका म्हणून मी बोलावं असं ठरलं. मी चार-पाच मिनिटं बोलले. त्यांनी आम्हाला गणिताकडे नव्या नजरेनं बघायला शिकवलं, असं म्हणाले. नाडकर्णी बाईंनी डोळे पुसले. सातवी ‘ब’ सतरंजीवर पुढंच बसली होती. भूदेवी दुसऱ्या रांगेत होती आणि माझं बोलणं चालू असताना सरांकडे बघत होती. पण मला एक गोष्ट तेव्हाही खटकली. जानेवारीत तिनं माझ्याकडे बघायचं सोडलं होतं, पण ते दोनच दिवस. पुढं ती पूर्वीसारखी वागत होती. वही दाखवायला यायची, चुकलं तर जीभ चावायची. निरोप समारंभाच्या दिवशी तर जाताना वाकून नमस्कार केला. मी मनाशी म्हटलं, लहान आहे, विसरली.

पुढं तीस वर्षं गेली. मी त्याच शाळेत राहिले, पर्यवेक्षिका झाले, मुख्याध्यापिका झाले. हुद्देदार सर ज्या खुर्चीत बसत त्याच खुर्चीत बसले. नक्षीच्या तासाची पाटी कधी उतरवली आणि कुठं गेली ते मला आठवत नाही.

१९९९ च्या मे महिन्यात सुट्टीत मी कार्यालयात प्रवेशाचे अर्ज बघत बसले होते. शिपायानं एका बाईंना आत सोडलं. चाळिशी ओलांडलेली, जरीच्या काठाची साडी, हातात लग्नपत्रिकांची पिशवी, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा.

“बाई, ओळखलं का?”

मी चष्मा वर केला. “भूदेवी.”

“बघा, ओळखलंत की!” ती खुर्चीवर बसली. “मुलीचं लग्न आहे. पत्रिका तुम्हाला माझ्या हातानं द्यायची होती.”

ती बोलत राहिली. मॅट्रिक झाली, लग्न झालं. वडिलांचं चौकटी भरायचं काम तिनंच पुढं चालवलं. आता घरात संगणक घेतला होता, सहा मुली हाताखाली होत्या, इचलकरंजीपर्यंत नक्ष्या जात होत्या.

“पण मुलींना अजून पेन्सिलीनं कागदावरच शिकवते बाई. आधी चतकोर काढा म्हणते. मशीन मग.” ती हसली. “इचलकरंजीला सरांकडंच पहिलं काम मिळालं मला. दासरी सर. तिथं एका कारखान्यात नक्षी काढायला होते ना, शेवटपर्यंत. एक्क्याण्णव साली गेले. तुम्हाला कळलं होतं का?”

“कळलं होतं.”

“शेवटी डोळे गेले होते. पण पुठ्ठ्याच्या भोकांवरनं बोट फिरवून चूक सांगायचे.” तिनं पिशवी खाली ठेवली. “बाई, एक विचारू? राग नाही ना येणार?”

“विचार की.”

“ते साहेब आले होते त्या दिवशी मला तुमचा लई राग आला होता. लई म्हणजे लई. शाळा सुटल्यावर सरांच्या घरी गेले मी. सगळं सांगितलं. बाईंना माहीत होतं, तरी बोलल्या नाहीत, नक्षीच्या तासाचं आहे म्हणाल्या. सर जेवायला बसले होते. मी सांगितलं आणि रडले.”

मी अर्जांची चळत सरळ केली.

“सर म्हणाले, कुणाला बोलू नको. बाई उद्या आपणहून येऊन सांगतील मला. तू बघच. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी परत गेले. विचारलं, सांगितलं का बाईंनी? सर म्हणाले, सांगितलं. सकाळी प्रार्थनेआधीच सांगितलं. घाबरले होते म्हणाल्या. माफ करा म्हणाल्या. डोळ्यांत पाणी होतं म्हणाले तुमच्या.” भूदेवीनं चष्मा काढून पदरानं पुसला. “मग माझा राग गेला बघा. एवढ्या मोठ्या बाई, आणि येऊन माफी मागायची. सर म्हणाले, नोकरीचं काय, मला कुठंही मिळेल. पण असं येऊन सांगायला छाती लागते. तू बाईंच्या पाया पडत जा.”

पंखा फिरत होता. शिपाई दारातून डोकावून गेला.

“विचारायचं काय होतं तुला?” मी म्हणाले.

“तेच. तुम्ही मनाला लावून नाही ना घेतलं? सर म्हणायचे, बाईंनी फार मनाला लावून घेतलं असेल. भेटलीस तर सांग, दासरीच्या मनात काही नाही.”

“चहा घेतेस ना?” मी विचारलं.

“घेते की.”

मी शिपायाला दोन चहा सांगितले. चहा आला, तिनं बशीत ओतून प्यायला. लग्नाला यायचं वचन घेतलं. मी गेले, आहेर केला, पंगतीला बसले.

हुद्देदार सर निवृत्त होऊन मुलाकडे अमरावतीला गेले आणि तिथंच वारले. राजाध्यक्ष साहेब खात्यात बरेच वर चढले. त्यांच्या निधनाची बातमी मी वर्तमानपत्रात वाचली, आतल्या पानावर चार ओळी होत्या. नाडकर्णी बाई नव्वद पूर्ण करून गेल्या. प्रभाकर मोहोळकर वडिलांसारखा पोस्टात लागला आणि सोलापूरच्याच कचेरीतून निवृत्त झाला. दासरी सरांचे भाऊ मागावरच राहिले, त्यांची मुलं पुण्याला कारखान्यांत गेली. मी २००१ मध्ये निवृत्त झाले. त्यानंतर पुष्कळ वर्षांनी, कलेची सांगड घालून सगळे विषय शिकवावेत असं प्रशिक्षण शाळाशाळांतून सुरू झालं. आमच्या शाळेनं मला पाहुणी म्हणून बोलावलं. आमच्याकडे हे १९६८ सालीच केलं होतं, असं मी सांगितलं. तरुण शिक्षकांनी टाळ्या वाजवल्या. एकानं विचारलं, मग बंद का पडलं? मी म्हटलं, खात्याला पटलं नाही.

भूदेवी आहे. तिचं काम आता सून बघते. गुरुपौर्णिमेला न चुकता तिचा फोन येतो. तब्येत विचारते, गुडघ्यांना कुठलं तेल लावावं ते सांगते. गेल्या वर्षी म्हणाली, “बाई, नात सातवीत गेली. शाळेत कायतरी खोटं बोलली म्हणून मी तिला तुमची गोष्ट सांगितली. तुमच्याशी बोलायचं म्हणते. देऊ का?”

मी काही म्हणायच्या आत फोनवर बारीक आवाज आला.

“आजी, तुम्ही खरंच दुसऱ्या दिवशी सरांना सगळं सांगितलं?”

“हो,” मी म्हटलं.

“भीती नाही वाटली?”

“वाटली होती,” मी म्हटलं, आणि फोन आजीकडे दे म्हणाले.